ग्रॅहमची टेप आणि गार्लंडची रिकामी खुर्ची

१३ ऑक्टोबर २०२०. वॉशिंग्टनमधले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा, कोरोनामुळे घरातच होतो, त्यामुळे त्या आठवड्यात रोज चहाचा कप घेऊन अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांचं सिनेटमधलं हिअरिंग, म्हणजे मंजुरीआधीची जाहीर प्रश्नोत्तरं, लावून बसायचो. बायको म्हणायची, अमेरिकेतल्या जजशी तुझं काय देणंघेणं, आणि खरं सांगायचं तर काहीच नाही, पण एकदा चटक लागली की लागली.

त्या दिवशी टेक्सासचे सिनेटर जॉन कॉर्निन बॅरेटबाईंना म्हणाले, आमच्या सगळ्यांपुढे वह्या, नोट्स, पुस्तकं पसरलीयेत, तुम्ही कशात बघून उत्तरं देताय ते जरा दाखवता का? बाईंनी समोरचं पॅड उचलून दाखवलं. कोरं करकरीत. यावर काही लिहिलंय का, असं विचारल्यावर म्हणाल्या, लेटरहेड आहे, युनायटेड स्टेट्स सिनेट असं. झालं, रिपब्लिकन मंडळींनी तो फोटो डोक्यावर घेतला, काय ती हुशारी, काय ती स्मरणशक्ती. हुशारीबद्दल वादच नाही. पण मला ते पॅड बघून दुसरंच वाटलं, की लिहून घेण्यासारखं त्या हॉलमध्ये होतं काय? आदल्याच दिवशी हे हिअरिंग घेणाऱ्या ज्युडिशियरी कमिटीचे रिपब्लिकन चेअरमन लिंडसे ग्रॅहम यांनी सुरुवातीच्या भाषणात सांगून टाकलं होतं की इथे कोणी कोणाचं मन वळवेल अशी फारशी शक्यता नाही, सगळे रिपब्लिकन हो म्हणतील, सगळे डेमोक्रॅट नाही म्हणतील. म्हणजे निकाल बोर्डावर लावून झाला आणि मग तोंडी परीक्षा सुरू केली.

आणि हे बोलणारे ग्रॅहम कोण, तर ज्यांनी चार वर्षांपूर्वी याच कमिटीत बसून स्वतःहून सांगितलं होतं की माझे शब्द माझ्याविरुद्ध वापरा. तिथून सुरुवात करू.

१३ फेब्रुवारी २०१६ ला टेक्सासमधल्या एका रँचवर जस्टिस अँटोनिन स्कालिया गेले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नऊ जज, नेमणूक तहहयात, त्यामुळे एक जागा रिकामी होणं म्हणजे पुढच्या वीस-तीस वर्षांचा प्रश्न. राज्यघटनेत एवढंच आहे की राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचं आणि सिनेटने सल्ला आणि संमती द्यायची. हिअरिंग घ्या, अमुक दिवसांत घ्या, निवडणुकीच्या वर्षात घ्या किंवा घेऊ नका, यातलं काहीही घटनेत नाही, सगळा रिवाजाचा मामला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामा, आणि सिनेटमध्ये रिपब्लिकन शंभरापैकी ५४. त्याच संध्याकाळी रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांचं निवेदन आलं, आणि त्यातच श्रद्धांजली वाहून झाल्यावर हेही होतं की नवा जज निवडताना जनतेचा आवाज ऐकला पाहिजे, म्हणून नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरू नये. निवडणुकीला तेव्हा २६९ दिवस बाकी होते आणि ओबामांनी अजून कोणाचं नावही घेतलेलं नव्हतं.

योगायोग असा की त्याच रात्री साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला रिपब्लिकन उमेदवारांची डिबेट होती. टेड क्रूझ म्हणाले की निवडणुकीच्या वर्षात सुप्रीम कोर्टाचा जज मंजूर न करण्याची ८० वर्षांची परंपरा आहे. सूत्रसंचालक जॉन डिकरसन यांनी मध्येच टोकलं, जस्टिस केनेडी यांना १९८८ मध्ये मंजुरी मिळाली होती ना. क्रूझ म्हणे नाही, ८७ मध्ये. आता अँथनी केनेडी यांना ३ फेब्रुवारी १९८८ ला ९७ विरुद्ध ० अशी मंजुरी मिळाली, रेगन राष्ट्राध्यक्ष असताना आणि सिनेट डेमोक्रॅट्सच्या हातात असताना, तेही निवडणुकीच्याच वर्षात, म्हणजे डिकरसनचं बरोबर होतं. ऑडियन्सने हुर्यो कोणाची उडवली? डिकरसनची. आणि त्याच स्टेजवर डोनाल्ड ट्रम्प यांनी परंपरा, जनतेचा आवाज वगैरे भानगडीत न पडता सांगितलं की मॅकॉनेलनी हे अडवावं, याला म्हणतात डिले, डिले, डिले. माणूस कसाही असो, पण त्या रात्री कारण न शोधता सरळ बोलणारा तो एकटाच होता असं माझं मत आहे. आपल्याकडे म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी. बाकीचे ससा हातात धरून शिकारीच्या शास्त्रावर प्रवचन देत होते.

१६ मार्चला ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव जाहीर केलं. वय ६३, डीसी सर्किट या वॉशिंग्टनमधल्या अपील कोर्टाचे चीफ जज, १९९७ मध्ये त्यांना तिथे सिनेटने ७६ विरुद्ध २३ मतांनी पाठवलेलं, त्यात बरेच रिपब्लिकनही होते. मजा म्हणजे नाव जाहीर व्हायच्या थोडेच दिवस आधी रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच यांनी सुनावलं होतं की ओबामांना सहज गार्लंडचं नाव देता येईल, चांगला माणूस आहे, पण ते देणार नाहीत. दिलं की! मग काय उपयोग, कमिटीतल्या अकराच्या अकरा रिपब्लिकनांनी आधीच, २३ फेब्रुवारीला, सही करून पत्र दिलं होतं की कोणीही येऊ दे, हिअरिंग होणार नाही.

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात हुशार डाव हाच. मतं ५४ होती, हिअरिंग घेऊन मग पाडता आलंच असतं की, १९८७ मध्ये डेमोक्रॅट्सनी रेगन यांनी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांना तसंच ४२ विरुद्ध ५८ ने पाडलं होतं. पण गार्लंडसारखा शांत, पांढऱ्या केसांचा, सभ्य माणूस चार दिवस टीव्हीवर बसून नीट उत्तरं देत राहिला असता तर नाही म्हणणाऱ्यांना त्याच्यात काहीतरी खोट दाखवावी लागली असती. खोट मिळत नाहीये म्हटल्यावर खुर्चीच मांडायची नाही. माणसाबद्दल बोलायचंच नाही, फक्त तत्त्वाबद्दल बोलायचं, म्हणजे कोणाला उत्तर द्यायला नको. गार्लंड बिचारे सिनेटर्सना भेटत राहिले, एप्रिलमध्ये कमिटीचे तेव्हाचे चेअरमन चक ग्रासली यांनी त्यांना ब्रेकफास्टला बोलावलं आणि हिअरिंग का होणार नाही ते समजावून सांगितलं. नाश्ता देऊन नकार. मे महिन्यात गार्लंडनी कमिटीची भलीमोठी प्रश्नावलीसुद्धा भरून पाठवली. ३ जानेवारी २०१७ ला ते नामांकन आपोआप संपलं, २९३ दिवसांनी.

मध्ये एक छोटी गोष्ट घडली जी मला फार महत्त्वाची वाटते. कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर जेरी मोरान मार्चमध्ये सिमॅरॉन नावाच्या गावात लोकांसमोर बोलून गेले की मी चुकीचं मत दिलं अशी तक्रार तुम्ही केलेली परवडेल, पण मी माझं कामच करत नाही असं म्हणू नका, हिअरिंग व्हायला हवं. बास. पक्षाच्या बाजूच्या संघटना तुटून पडल्या, विरोधात जाहिराती तयार झाल्या, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तुमच्याविरुद्ध उमेदवार उभा करू अशी धमकी आली, आणि दोन आठवड्यांच्या आत मोरान यांनी शब्द फिरवला. ही धमकी डोक्यात ठेवली की बाकीचे गप्प का बसले ते वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू, कारण इथे एकाच पक्षाला धुवायचं असेल तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मॅकॉनेलनी जनतेच्या आवाजाचं तत्त्व काही हवेतून काढलं नव्हतं, त्याला त्यांनी नाव दिलं होतं बायडन रूल. २५ जून १९९२ ला जो बायडन, म्हणजे तेव्हाचे ज्युडिशियरी कमिटीचे चेअरमन, सिनेटमध्ये लांबलचक भाषण करून म्हणाले होते की या निवडणुकीच्या मोसमात जागा रिकामी झाली तर राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशनी निवडणूक होईपर्यंत नाव देऊ नये. जागा रिकामी झालीच नाही म्हणून ते भाषण तसंच पडून राहिलं, आणि २०१६ मध्ये बायडन उपराष्ट्राध्यक्ष असताना नेमकं बाहेर काढलं गेलं. बायडनचं म्हणणं, मी पुढे असंही म्हणालो होतो की बुशनी सिनेटशी सल्लामसलत करून मवाळ माणूस दिला तर मी पाठिंबा देईन. ते खरं आहे. पण पहिला अर्धा भागही त्यांचाच आहे ना. मग २००७ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर चक शूमर यांनी जाहीर भाषणात सांगितलं की धाकट्या बुशचा आता आणखी एकही सुप्रीम कोर्ट जज अपवादात्मक परिस्थिती सोडून मंजूर करू नये, आणि तेव्हा बुशच्या मुदतीतलं जवळपास दीड वर्ष शिल्लक होतं. आणि २००६ मध्ये जस्टिस अलिटो यांच्याविरुद्धच्या फिलिबस्टरला, म्हणजे चर्चा लांबवून मतदानच अडवण्याला, सिनेटर ओबामांनी मत दिलं होतं, ज्याबद्दल दहा वर्षांनी गार्लंडच्या वेळी व्हाइट हाउसला सांगावं लागलं की त्यांना आता खेद वाटतो. वेळेवर आला म्हणायचा खेद.

१८ सप्टेंबर २०२० ला जस्टिस रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या. निवडणुकीला ४६ दिवस. त्याच संध्याकाळी मॅकॉनेलचं निवेदन, की ट्रम्पच्या नॉमिनीवर सिनेटमध्ये मतदान होईल. तसा त्यांनी धक्का वगैरे दिला नाही, २०१९ च्या मे महिन्यात केंटकीतल्या पडुका गावात एका लंचला कोणीतरी विचारलं होतं की २०२० मध्ये जागा रिकामी झाली तर काय कराल, तर साहेबांनी आईस्ड टीचा मोठा घोट घेतला, हसले, आणि म्हणाले, भरून टाकू की. त्यांचा बचाव असा होता की २०१६ मध्ये सिनेट एका पक्षाकडे आणि व्हाइट हाउस दुसऱ्याकडे होतं, आता दोन्ही एकाच पक्षाकडे आहे. न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की विरोधी पक्षाच्या सिनेटने निवडणुकीच्या वर्षात रिकामी झालेली अशी जागा १८८८ नंतर भरलेली नाही, हा मुद्दा त्यांनी २०१६ मध्येही मांडला होता. पण पहिल्या दिवसाच्या निवेदनात फक्त जनतेचा आवाज होता, अट नव्हती. आणि २०२० मध्ये तो आवाज तर प्रत्यक्ष येत होता, बॅरेटना मंजुरी मिळाली तोपर्यंत सहा कोटींहून जास्त लोकांनी आगाऊ मतदान करून टाकलं होतं.

मॅकॉनेलनी निदान दार किलकिलं ठेवलं होतं. ग्रॅहमनी ते स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं. १० मार्च २०१६ ला कमिटीत ते म्हणाले, २०१६ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निवडून आला आणि त्याच्या पहिल्या टर्मच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली, तर तुम्ही खुशाल म्हणा की लिंडसे ग्रॅहम म्हणाला होता, पुढचा जो कोणी राष्ट्राध्यक्ष येईल त्याला ठरवू दे. यात सिनेट कोणाकडे वगैरे काही नाही. मग ३ ऑक्टोबर २०१८ ला एका मुलाखतीत परत तेच, ट्रम्पच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली आणि प्रायमरी सुरू झालेल्या असल्या तर आम्ही निवडणुकीपर्यंत थांबू, आणि वर हेही की टेप जपून ठेवा.

लोकांनी ठेवली. २०२० मध्ये ती जिकडेतिकडे वाजायला लागल्यावर ग्रॅहमनी मत बदलायची दोन कारणं दिली. एक, सिनेटमधले तेव्हाचे डेमोक्रॅट नेते हॅरी रीड आणि त्यांच्या पक्षाने नियम बदलून खालच्या कोर्टांतल्या जजसाठी फिलिबस्टर मोडायला लागणाऱ्या ६० मतांची गरज काढून टाकली. दोन, ट्रम्पचे आधीचे नॉमिनी ब्रेट कॅव्हानॉ यांचे हिअरिंगमध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून जे हाल केले ते. आता जरा तारखा लावून बघा. रीडनी नियम बदलला २१ नोव्हेंबर २०१३ ला, म्हणजे ग्रॅहमच्या पहिल्या वचनाच्याही दोन वर्षं आधी. कॅव्हानॉ यांचं ते गाजलेलं हिअरिंग, ज्यात ग्रॅहम स्वतः लालबुंद होऊन ओरडले होते, ते झालं २७ सप्टेंबर २०१८ ला, आणि टेप जपून ठेवा हे ते बोलले त्यानंतर सहा दिवसांनी. म्हणजे दोन्ही कारणं घडून गेल्यावर माणसाने शब्द दिला आणि मग तीच कारणं सांगून शब्द मोडला. टेप वाजवणाऱ्यांनीही हा हिशोब फार कमी वेळा मांडला, कारण टेप ऐकायला मजा येते आणि कॅलेंडर बघायला कंटाळा. त्याच आठवड्यात ग्रॅहमनी कमिटीतल्या डेमोक्रॅट्सना पत्र लिहिलं त्यात मात्र एक ओळ होती की माझी खात्री आहे, आमच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. मला वाटतं हेच खरं कारण होतं आणि बाकीचं सजावट.

ग्रासलींचं तर विचारूच नका. तोपर्यंत ते सांगत आले होते की मी चेअरमन असतो तर २०२० मध्ये हिअरिंग घेतलं नसतं. गिन्सबर्ग गेल्यावर म्हणाले, आता चेअरमन मी नाही, हिअरिंगचा निर्णय आताच्या चेअरमनचा, मी नॉमिनीची गुणवत्ता बघेन. आणि दिलं मत.

डेमोक्रॅट्सही आरशात बघितल्यासारखे उलटे झाले होते. २०१६ मध्ये घोषणा होती, तुमचं काम करा, घटना म्हणते हिअरिंग द्या, कोर्टाला नऊ जज लागतात, आठावर कसं चालेल. २०२० मध्ये तेच लोक म्हणायला लागले, थांबा, जनतेला ठरवू द्या. त्यांचं उत्तर असं की नियम तुम्ही बनवलाय, तो तुम्हालाच लावा एवढंच आमचं म्हणणं. युक्तिवाद म्हणून बरा आहे, पण जो नियम तुम्ही चार वर्षं खोटा म्हणत होता तोच आता कसा मागता, याला काही उत्तर नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अजून काय. दोन्ही वेळा साधारण एकाच पट्टीने मोजणारी म्हणून मला मेनच्या सुझन कॉलिन्स दिसतात, २०१६ मध्ये गार्लंडला हिअरिंग द्या म्हणाल्या आणि २०२० मध्ये निवडणूक इतकी जवळ असताना मी मत देणार नाही म्हणाल्या. नाव जाहीर झालं २६ सप्टेंबरला, मंजुरी २६ ऑक्टोबरला, बरोबर तीस दिवस, ५२ विरुद्ध ४८, विरोधात गेलेल्या एकट्या रिपब्लिकन कॉलिन्सच.

कमिटीतल्या मतदानाच्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, डेमोक्रॅट्स आलेच नाहीत, त्यांच्या खुर्च्यांवर ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्यावर अवलंबून असलेल्या पेशंट्सचे मोठ्ठे फोटो लावून ठेवलेले, आणि फोटोंसमोर १२ विरुद्ध ० मतदान झालं. २०१६ मध्ये नॉमिनीची खुर्ची रिकामी, २०२० मध्ये विरोधकांची. आणि त्यांच्यातल्या डायॅन फाइनस्टाइन यांनी हिअरिंग संपताना ग्रॅहमना मिठी मारून म्हटलं होतं की मी भाग घेतलेल्या हिअरिंगांपैकी हे एक उत्तम हिअरिंग झालं, तर त्यांच्याच बाजूच्या संघटनांनी बाईंना हटवा म्हणून गदारोळ केला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी कमिटीतलं पक्षाचं वरचं पद सोडत असल्याचं जाहीर केलं. मोरानची आठवण येते की नाही?

आपल्याकडे कॉलेजियम बंद दाराआड ठरवतं आणि भावी जजला जाहीरपणे कोणी एक प्रश्न विचारत नाही, म्हणून मला पूर्वी वाटायचं की असं उघड हिअरिंग असावं. आता तेवढं वाटत नाही, कारण आत विचारतात तेही मापं बदलून. १९९३ मध्ये गिन्सबर्गनी सांगितलं होतं की पुढे येऊ शकणाऱ्या केसेसबद्दल मी इशारेही देणार नाही, तर डेमोक्रॅट्सना ती न्यायाधीशाची मर्यादा वाटली. बॅरेटनी त्याच नियमाचा हवाला देऊन तोंड बंद ठेवलं तर ती टाळाटाळ. मग २०२२ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडननी सुचवलेल्या केटांजी ब्राउन जॅक्सन आल्या. त्यांना विचारलं, कोर्टातले जज वाढवण्याबद्दल तुमचं मत काय. त्या म्हणाल्या, हा धोरणाचा विषय आहे, आणि जस्टिस बॅरेटनी त्यांच्या हिअरिंगमध्ये जे म्हटलं त्याच्याशी मी सहमत आहे. मॅकॉनेलनी जॅक्सनना विरोध जाहीर करताना जी कारणं दिली त्यात हे उत्तर न देणंही होतं. बॅरेटचं उत्तर बॅरेटच्या तोंडी चाललं, जॅक्सनच्या तोंडी नाही. ग्रॅहमनी जॅक्सनना तुमचा धर्म कोणता, एक ते दहामध्ये तुम्ही किती धार्मिक आहात, असंही विचारलं, आणि मग सांगितलं की बॅरेटना धर्मावरून छळलं होतं ते दाखवायला विचारलं. म्हणजे तो प्रश्न विचारणं चूक होतं हे पटवायला तोच प्रश्न परत विचारायचा. याच ग्रॅहमनी आदल्याच वर्षी जॅक्सनना डीसी सर्किटवर पाठवायला हो म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टासाठी मात्र नाही. ५३ विरुद्ध ४७ ने त्या पास झाल्या.

राहिले गार्लंड. २२ फेब्रुवारी २०२१ ला ते शेवटी त्याच ज्युडिशियरी कमिटीसमोर बसले, बायडननी त्यांना ॲटर्नी जनरल म्हणून सुचवलं होतं. ग्रासली त्यांच्या भाषणात म्हणाले, हो, मी तुम्हाला हिअरिंग दिलं नाही, पण तुमच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले नाहीत, तुमच्या शाळेचं इयरबुक चाळत बसलो नाही (टोमणा कॅव्हानॉ प्रकरणावरून). गार्लंड ऐकून घेत होते. नंतर डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर यांच्या प्रश्नाला उत्तर देताना, छळाला कंटाळून आलेल्या आजी-आजोबांना या देशाने आसरा दिला हे सांगताना त्यांचा आवाज दाटला. मार्चमध्ये ७० विरुद्ध ३० ने मंजुरी मिळाली, हो म्हणणाऱ्यांत ग्रासली होते, ग्रॅहम होते, मॅकॉनेलही होते. पाच वर्षं उशिरा का होईना गार्लंडना खुर्ची मिळाली, फक्त दुसऱ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूची.